बिनतारी डोंगल आणि रिमोट : जोडणी, अडचणी व भाषेचा तास

प्रोजेक्टरच्या साहाय्याने पाठ घेणाऱ्या शिक्षकाने वर्गात कोठे उभे राहायचे हे बहुधा संगणकाचा कळफलक ठरवतो. पडद्यावरील पान बदलायचे तर टेबलापाशी उभे राहावे लागते. नाहीतर एखाद्या विद्यार्थ्याला तेथे बसवून ‘पुढे घे, अजून पुढे, थांब, एक मागे’ असे सांगत राहावे लागते. त्या विद्यार्थ्याचा तास तर बुडतोच, शिवाय शिक्षकाच्या बोलण्याची लय दर दोन मिनिटांनी तुटते. खडू-फळ्याच्या अध्यापनात शिक्षक लिहून झाले की बाकांमधून फिरत असे, वह्या पाहत असे. यंत्र आले आणि शिक्षक टेबलाशी बांधला गेला. भाषेच्या तासाला हे नुकसान अधिक जाणवते, कारण उच्चार ऐकण्यासाठी आणि वहीतील अक्षराचे वळण पाहण्यासाठी विद्यार्थ्याजवळ जाण्याला दुसरा पर्याय नाही.

बेळगाव-निपाणी भागातील महाविद्यालयांत या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. येथील मुस्लिम विद्यार्थी घरी दखनी बोलतो, शाळा उर्दू किंवा मराठी माध्यमातून करतो, आणि कचेरीत व बाजारात कन्नड वापरतो. एकाच वर्गात उर्दू शाळेतून आलेली मुलगी आणि मराठी शाळेतून आलेला मुलगा शेजारच्या बाकांवर बसलेले असतात. एकाचे देवनागरी लेखन सफाईदार तर दुसरीचे उर्दू. पडद्यावरील मजकूर उतरवून घेण्याचा दोघांचा वेग वेगळा असतो. तो वेग टेबलापासून दिसत नाही.

शैक्षणिक तंत्रज्ञान या भागाला नवे नाही. सप्टेंबर २००४ मध्ये सोडलेल्या एज्युसॅट उपग्रहाच्या प्रायोगिक टप्प्यात बेळगावला मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा समावेश होता. उपग्रहासारख्या मोठ्या यंत्रणेविषयी शिक्षकांना बरेच वाचायला मिळते; काहीशे रुपयांपासून मिळणारा आणि खिशात मावणारा रिमोट मात्र ‘त्यात काय, बटण दाबायचे’ म्हणून बाजूला राहतो. मग तो पहिल्या आठवड्यात अडतो आणि कपाटात जातो. तो का अडतो हे समजून घेण्यासाठी आधी तो काय आहे हे पाहिले पाहिजे.

डोंगल म्हणजे संगणकाच्या लेखी कळफलक

‘वायरलेस प्रेझेंटर’ या नावाने मिळणाऱ्या साधनाचे दोन भाग असतात. एक हातात धरायचा रिमोट आणि दुसरा संगणकाच्या यूएसबी खाचेत बसवायचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, म्हणजे डोंगल किंवा रिसीव्हर. रिमोटमध्ये सेल असतात व एक लहान रेडिओ प्रक्षेपक असतो. बटण दाबले की तो एक सांकेतिक संदेश हवेत सोडतो, डोंगल तो ग्रहण करतो आणि संगणकाला सांगतो की ‘पेज डाउन’ ही कळ दाबली गेली. मागे जाण्याचे बटण दाबले तर ‘पेज अप’. एवढेच. काही स्वस्त रिमोट यांऐवजी बाणाच्या कळा पाठवतात. परिणाम साधारण तोच होतो.

यूएसबीची पहिली प्रमाणभूत आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. तिच्या घडणीत मोठा वाटा असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यापूर्वी कळफलक, माउस, प्रिंटर यांसाठी वेगवेगळ्या आकाराच्या खाचा असत. यूएसबीने खाच एक केली आणि साधनांचे वर्ग पाडले. कळफलक, माउस यांसारखी माणसाच्या हाताने चालवायची साधने एका वर्गात येतात, आणि त्या वर्गासाठी लागणारा प्रोग्राम संगणकात आधीपासूनच असतो. प्रेझेंटरचा डोंगल याच वर्गात नाव नोंदवतो. म्हणून त्याच्यासाठी सीडी शोधावी लागत नाही, इंटरनेट लागत नाही. विंडोज एक्सपीपासून पुढच्या सर्व विंडोजवर, तसेच उबुंटूसारख्या लिनक्सवर तो बसवताच चालू होतो.

हे एक वाक्य ध्यानात ठेवले तर पुढील बहुतेक अडचणी शिक्षकाला स्वतःच सोडवता येतात: डोंगल हा कळफलक आहे, रिमोट ही त्याची दूर नेलेली दोन-चार बटणे. जे काम कळफलकाने होत नाही ते रिमोटने होणार नाही. आणि कळफलक जेथे जोडलेला हवा तेथेच डोंगल जोडलेला हवा.

जोडणी

डोंगल बहुधा रिमोटच्या पोटातच, सेलच्या झाकणाखाली किंवा खालच्या टोकाला खोचलेला असतो. नव्या खोक्यातून काढल्यावर तो सापडत नाही म्हणून साधन परत केले गेल्याचीही उदाहरणे घडतात! डोंगल काढावा, सेल योग्य दिशेने बसवावेत, रिमोटच्या कडेला चालू-बंदचे बटण असेल तर ते चालू करावे. संगणक पूर्ण सुरू झाल्यावर डोंगल यूएसबी खाचेत बसवावा आणि अर्धा मिनिट थांबावे. पहिल्या वेळी संगणक साधनाची ओळख करून घेतो, तेवढा वेळ लागतो. मग पॉवरपॉइंटमधील फाइल उघडून एफ-५ ही कळ दाबावी म्हणजे पान पूर्ण पडद्यावर येते. आता रिमोटचे पुढचे बटण एकदा दाबून पाहावे.

एकदाच. रिमोट काही वेळ वापरला नाही की सेल वाचवण्यासाठी झोपतो, आणि पहिल्या दाबाने नुसता जागा होतो. पान हलले नाही म्हणून घाईने तीनदा बटण दाबले तर दोन पाने एकदम पुढे जातात. वर्ग हसतो, शिक्षक ओशाळतो. दाबावे, क्षणभर थांबावे, मग पुन्हा दाबावे.

रिमोट व डोंगल यांची जोडी बहुतेक मॉडेलांत कारखान्यातच लावलेली असते. एकाचा डोंगल दुसऱ्याच्या रिमोटला ओळखत नाही, मग दोन्ही दिसायला सारखे असले तरी. विभागात दोन प्रेझेंटर असतील तर पहिल्याच दिवशी दोन्ही जोड्यांवर वेगवेगळ्या रंगाची खूण करावी. डोंगल हरवला तर राहिलेला रिमोट बहुधा निरुपयोगी ठरतो.

टेबलावरचे दोन रिमोट

वर्गात टेबलावर अनेकदा दोन रिमोट असतात आणि नवा शिक्षक येथे पहिल्यांदा फसतो. एक प्रोजेक्टरचा: तो दूरचित्रवाणीच्या रिमोटप्रमाणे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशावर चालतो, प्रोजेक्टरच्या दिशेने धरावा लागतो, आणि प्रोजेक्टर चालू-बंद करणे, चित्र लहान-मोठे करणे ही कामे करतो. दुसरा प्रेझेंटरचा: तो रेडिओ लहरींवर चालतो, त्याला दिशा लागत नाही, खिशात ठेवूनही बटण दाबता येते. पहिल्याने पान बदलत नाही आणि दुसऱ्याने प्रोजेक्टर बंद होत नाही. काही प्रोजेक्टरांत संगणकापर्यंत वेगळी यूएसबी तार टाकली तर प्रोजेक्टरच्या रिमोटनेही पाने बदलता येतात, पण ती तार क्वचितच टाकलेली असते.

याच गोंधळातून डोंगल प्रोजेक्टरच्या यूएसबी खाचेत बसवला जातो. ती खाच पेनड्राइव्हमधील चित्रे दाखवण्यासाठी असते. संगणकाकडून प्रोजेक्टरकडे जाणारी एचडीएमआय किंवा व्हीजीए तार चित्र नेते. उलट दिशेने कळ दाबल्याचा निरोप आणत नाही. अलीकडे भिंतीवर बसवलेल्या स्पर्शपटलांच्या बाबतीत ही चूक अधिक होते. पटलाच्या पुढच्या बाजूची खाच अनेकदा पटलाच्या स्वतःच्या अँड्रॉइड यंत्रणेची असते. पाठ लॅपटॉपवर चालू असेल तर डोंगल लॅपटॉपलाच लावला पाहिजे.

चालता चालता बंद का पडतो

सर्वांत नेहमीचे कारण रेडिओचे नाही, पडद्यावरचे आहे. कळफलकाचा निरोप त्या क्षणी जी खिडकी पुढे असेल तिलाच मिळतो. पाठ चालू असताना विषाणूरोधक प्रोग्रामची सूचना वर आली किंवा चुकून दुसरी फाइल उघडली गेली की रिमोटचे ‘पेज डाउन’ त्या खिडकीकडे जाते. पडदा तसाच राहतो आणि दोष रिमोटला दिला जातो. माउसने पाठाच्या पानावर एकदा टिचकी मारली की काम सुरू होते. पॉवरपॉइंटमध्ये या टिचकीने पान एक पुढे जाईल, एवढे गृहीत धरावे.

रेडिओच्या अडचणीही असतात. हे रिमोट बहुतांशी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. केंद्र सरकारने जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झमधील कमी शक्तीच्या साधनांना परवान्यातून सूट दिली, त्यामुळे शिक्षकाला कोणताही परवाना लागत नाही. पण सूट सर्वांनाच आहे. वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी माउस ही सगळी मंडळी याच गल्लीत राहतात. शिवाय या लहरी पाणी शोषून घेते, आणि माणसाचे शरीर हे मोठ्या अंशी पाणीच आहे. रिकाम्या वर्गात मागच्या भिंतीपासून नीट चालणारा रिमोट साठ-सत्तर विद्यार्थी बसल्यावर चौथ्या रांगेपासून चाचरतो, त्याचे हे एक कारण. दुसरे कारण डोंगलची जागा. संगणकाचा खोका लोखंडी टेबलाच्या खणात आणि डोंगल त्या खोक्याच्या मागच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून, अशी व्यवस्था सर्रास दिसते. धातूच्या पेटीत ठेवलेल्या कानाला हाक ऐकू येणार कशी?

यावर उपाय स्वस्त आहे. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन तार घ्यावी, तिचे टोक टेबलाच्या वर, वर्गाच्या बाजूला आणून चिकटपट्टीने बसवावे आणि डोंगल त्यात लावावा. एवढ्याने फरक पडतो. खोक्यावर दहा, वीस, तीस मीटर असे जे पल्ले लिहिलेले असतात ते मोकळ्या जागेचे असतात. भरल्या वर्गात त्यांच्यावर विसंबू नये.

एक कारण मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये एका तांत्रिक टिपणात दाखवून दिले की यूएसबी ३.० च्या तारा व साधने चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निर्माण करतात. अशा खाचा बहुधा आतून निळ्या असतात. निळ्या खाचेत वेगवान पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क आणि तिच्याच शेजारच्या खाचेत डोंगल, अशी मांडणी असेल तर रिमोट अधूनमधून मुका होतो. फाइल पेनड्राइव्हवरून आधी संगणकात उतरवून घ्यावी, पेनड्राइव्ह काढावा, आणि डोंगलसाठी काळ्या रंगाची, शक्य तितकी दूरची खाच निवडावी.

उर्दूचे पान, मराठीचे पान

उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते. पुढचे पान डाव्या हाताला असते. रिमोटवर ‘पुढे’ या बटणावर मात्र उजवीकडे तोंड केलेला बाण असतो. आयुष्यभर उर्दू वाचलेल्या शिक्षकाचा अंगठा पहिले काही दिवस डाव्या बाणाकडे जातो आणि पडद्यावर मागचे पान येते. हा अडाणीपणा नव्हे, लिपीची सवय आहे. जो शिक्षक दहाच्या तासाला उर्दू आणि अकराच्या तासाला मराठी शिकवतो त्याची तर दोन्हीकडून ओढाताण होते. बाणाकडे न पाहण्याची सोय करणे हाच मार्ग. पुढच्या बटणावर नखपॉलिशचा एक जाडसर ठिपका वाळवून घ्यावा; अंगठ्याला तो न पाहता लागतो.

रिमोटवरील पडदा काळा करण्याचे बटण भाषेच्या शिक्षकाला सर्वांत उपयोगाचे आहे आणि तेच सर्वांत कमी वापरले जाते. शेराचा अर्थ सांगताना किंवा एखाद्या मुलाकडून उतारा वाचून घेताना पडद्यावरचे अक्षर सर्वांचे डोळे ओढून घेते. पडदा काळा केला की वर्ग बोलणाऱ्याकडे पाहतो. पण उर्दू-मराठीच्या संगणकावर नेमके हेच बटण कधी कधी चालत नाही. त्याचे कारण पुन्हा कळफलकात आहे. हे बटण ‘बी’ या अक्षराची किंवा पूर्णविरामाच्या ठिपक्याची कळ पाठवते. यूएसबीवरून अक्षर जात नाही, कळेची जागा जाते. त्या जागेवर कोणते अक्षर हे संगणकात निवडलेली भाषा ठरवते. इनस्क्रिप्ट मराठीत ‘बी’च्या जागी ‘व’ असतो, फोनेटिक उर्दूत ‘बे’. ठिपक्याच्या जागी उर्दूची आडवी विरामरेघ येते. त्यामुळे पाठ सुरू करण्यापूर्वी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात भाषा ‘इंग्रजी’ करून ठेवावी. ‘पेज अप’ व ‘पेज डाउन’ यांना कोणत्याही भाषेत अक्षर नाही, म्हणून त्यांच्यावर भाषेचा परिणाम होत नाही.

दुसरी अडचण फाँटची. निपाणीचा बागेवाडी महाविद्यालयाचा परिसर कर्नाटकात, बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कक्षेत. आणि गावाला लागूनच असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत. व्याख्यानासाठी, चर्चासत्रासाठी शिक्षक राज्याची सीमा पायी ओलांडावी इतक्या सहज ओलांडतात. रिमोट दोन्हीकडे सारखाच चालतो. फाइल चालेलच असे नाही. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली मराठी दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होते, आणि इनपेजमध्ये तयार केलेला नस्तालीक मजकूर थेट पॉवरपॉइंटमध्ये येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा, आणि बाहेर जाताना त्याच पाठाची पीडीएफ प्रतही सोबत घ्यावी. पीडीएफमध्ये अक्षर आहे तसे राहते. ती पूर्ण पडद्यावर उघडली (बहुतेक ठिकाणी कंट्रोल आणि एल) की रिमोटने पाने पुढे-मागे होतात. पडदा काळा करणारे बटण तेथे सहसा चालत नाही, म्हणून हव्या त्या ठिकाणी एक पूर्ण काळे पान आधीच घालून ठेवावे. अक्षरे एकेक करून येण्याची सोयही पीडीएफमध्ये राहत नाही. तीसाठी प्रत्येक टप्प्याचे वेगळे पान करावे लागते.

ही टप्प्याटप्प्याची सोय भाषेच्या तासाचा गाभा आहे. पडद्यावर जीमचा नुसता पोटासारखा आकार दाखवावा. बटण दाबले की पोटात एक नुक्ता: जीम. पुढच्या दाबाला तीन नुक्ते: चे. मग नुक्ता नाही: बडी हे. मग वर एक: खे. मराठीत ‘र’ची रूपे अशीच घेता येतात: अर्क, चक्र, राष्ट्र, दऱ्या. उर्दू शाळेतून आलेल्या मुलांना ‘र’ कधी डोक्यावर, कधी पायाशी का जातो हे कोडे असते. शिक्षक त्यांच्या बाकाशेजारी उभा असेल तर कोणाचा रफार चुकीच्या अक्षरावर बसला हे त्याला वहीत दिसते. तेथल्या तेथे दुरुस्त करून, सर्वांत सावकाश लिहिणाऱ्याची ओळ पूर्ण झाली की मग बटण दाबायचे. टेबलाशी बसलेला विद्यार्थी पाने बदलत असेल तर तो स्वतःच्या वहीच्या वेगाने बदलतो.

लाल ठिपका, आणि डोंगल कोठे विसरू नये

रिमोटच्या टोकाला बहुधा लाल लेझर असतो. तो पडद्यासाठी आहे. विद्यार्थ्याला उभे करण्यासाठी त्याच्यावर ठिपका रोखू नये; डोळ्यात थेट गेला तर इजेचा धोका आहे. एलईडी स्पर्शपटलावर हा ठिपका नीट दिसतही नाही.

डोंगल हा कळफलक आहे, या वाक्याची दुसरी बाजू सुरक्षेची आहे. संगणक कळफलकावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. २०१४ मध्ये जर्मन संशोधक कार्स्टन नोल यांनी दाखवले की यूएसबी तुकड्याच्या आतील प्रोग्राम बदलून त्याला कळफलकाचे सोंग घ्यायला लावता येते आणि तो स्वतःच आज्ञा टाइप करू लागतो. २०१६ मध्ये बॅस्टिल या संस्थेने ‘माउसजॅक’ या नावाने आणखी एक दोष उघड केला: अनेक नामवंत कंपन्यांच्या बिनतारी माउस व कळफलकांचे डोंगल दुरून आलेला परका संदेशही आपल्याच साधनाचा मानून घेत होते. वर्गातील संगणकावर याने फार तर पाठ बिघडेल. ज्या संगणकावर अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरले जातात किंवा प्रश्नपत्रिका टाइप होते त्यावर डोंगल लावून ठेवणे ही वेगळीच गोष्ट आहे. त्या संगणकाला तारेचाच कळफलक आणि तारेचाच माउस असावा. कोठेतरी सापडलेला, मालक माहीत नसलेला डोंगल ‘चालतो का पाहू’ म्हणून तेथे लावून पाहू नये.

तास संपला की डोंगल काढून रिमोटच्या पोटात परत ठेवावा; पेनड्राइव्ह समजून तो कोणाच्या तरी खिशात जातो. प्रेझेंटर विभागाचा असेल तर तो नेणाऱ्याची सही घेणारी एक वही पुरते. बेळगावकडच्या पावसाळ्यात कपाटातली हवाही ओलसर असते, आणि पडून राहिलेल्या सेलमधून क्षार बाहेर येऊन आतील पत्र्या खाल्ल्या जातात. म्हणून दीर्घ सुटीपूर्वी सेल काढून वेगळे ठेवावेत. पांढरी किंवा हिरवट पूड दिसलीच तर रिमोट टाकून देण्यापूर्वी लिंबाच्या रसाच्या एका थेंबात बुडवलेल्या कापसाने पत्र्या पुसाव्यात, मग कोरड्या कापसाने, आणि चांगले वाळल्यावर नवे सेल घालून पाहावेत.